उत्तर निरर्थक

ढगेवस्ती, तिसगावजवळ
१७ सप्टेंबर २०२३

राधादादा,

तुला नमस्कार, मावशीला साष्टांग. खुशाली शेवटी लिहीन, उरली तर. फोन केला नाही, कारण फोनवर मला रडू येतं आणि तू ‘बरं, बरं, बघू’ म्हणून ठेवून देतोस. कागदावर रडू येत नाही, राग मात्र नीट उतरतो.

तुमच्या संस्थेची ती शब्दांची चाचणी जुलैत आमच्या शाळेत झाली. तू तयार केलेली, म्हणून मी चौथीच्या पोरांना हौसेनं बसवलं. तुमची आरती नावाची मुलगी आली होती. चांगली मुलगी, पोरांसोबत जमिनीवर बसून जेवली. बारा उतारे, प्रत्येकात एक बनवलेला शब्द, कुणी कधी न ऐकलेला. पोरानं आजूबाजूच्या वाक्यांवरून त्याचा अर्थ सांगायचा आणि कशावरून ओळखला तेही सांगायचं. आरती सगळं शब्दाला शब्द लिहून घेत होती.

एक उतारा असा होता: ‘पावसाचा थेंब पडताच बापूंनी दुमोरी उघडून डोक्यावर घेतली. घरी येईपर्यंत ते कोरडेच राहिले. दारात आल्यावर त्यांनी दुमोरी झटकली आणि भिंतीला टांगली.’ तुमचं उत्तर, छत्री. माझी रेश्मा म्हणाली, पोत्याची खोळ. कशावरून? तर म्हणाली, “छत्री आसती तर बापूंनी मिटली आसती. मिटली आसं कुटंच लिवलं न्हाई. झटकली लिवलंय. झटकून भितीला खोळच टांगत्यात.” दादा, मी शेजारी उभी होते. बारा वर्षं शिकवतेय, पण एखाद्या पोरानं न लिहिलेलं वाक्यसुद्धा वाचलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आता ऐक. शुक्रवारी शिक्षण परिषद आमच्याच शाळेत होती. केंद्रातल्या चौदा शाळांचे चाळीसएक शिक्षक आमच्या दोन खोल्यांत. केंद्रप्रमुख सहादेव सरांनी तुमच्या चाचणीचे तपासलेले कागद आणले होते. त्यांनी नेमका रेश्माचा काढला. आवाज बारीक करून, पोरीच्या बोलीत, हातवारे करून तिचं उत्तर वाचलं. मग त्यावरचा लाल शाईचा शेरा वाचला: ‘उत्तर निरर्थक. संदर्भाचे आकलन शून्य.’ आणि वर स्वतःचं जोडलं, “पाऊस आला की पोतं पांघरायचं, एवढंच ह्यांचं आकलन!” चाळीस माणसं हसली. मला उभं केलं आणि विचारलं, “बाई, तुम्ही पण पोतंच शिकवता का?”

तेव्हा रेश्मा दारातच होती. पाहुण्यांना पाणी द्यायला मीच तिला उभं केलं होतं. तिनं तांब्या खाली ठेवला आणि घरी निघून गेली. दप्तरसुद्धा नेलं नाही.

दादा, मला तो मूळ कागद हवा आहे. शेरा कुणी मारला ते मला बघायचं आहे. आणि सहादेव सरांना त्याच खोलीत, त्याच चाळीस माणसांसमोर तोंडघशी पाडेन तेव्हाच मला चपाती गोड लागेल. तू मदत करणार की नाही, एवढंच कळव.

तुझी
सविता


पुणे
२८ सप्टेंबर २०२३

चि. सविता,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. मावशीची मुलगी चिडली की तिचं अक्षर मोठं होतं, हे मला आजोळच्या सुट्ट्यांपासून माहीत आहे. या वेळी एका ओळीत चारच शब्द मावलेत.

तांत्रिक बाजू आधी सांगतो. एकाही मुलाला शब्द आधीपासून माहीत नसावा, म्हणून आपण तो बनवतो. मग मूल खरोखर संदर्भावरून शिकतं की पाठांतरावर चालतं, हे उघडं पडतं. अर्थाला एक गुण आणि कारणाला एक. यादीतलं उत्तर आलं नाही पण कारण पटण्यासारखं असेल, तर कागद बाजूला काढून फेरतपासणीला पाठवायचा, असं आमच्या पुस्तिकेत साफ लिहिलंय. रेश्माचा कागद तसा पाठवायला हवा होता. तपासणीचं काम सगळीकडे सारखं झालं नाही, बरंचसं केंद्रांवरच उरकलं गेलं. तो लाल शेरा कुणाचा असेल ते तूच ओळख. ज्याला तो एवढ्या चवीनं वाचता आला, त्याचाच असणार.

मूळ कागद मला मिळणार नाही. ते गोपनीय असतात. त्या नादाला लागू नकोस.

बाकी सहादेव सर म्हणशील तर तो माणूस मला नवा नाही. शेवगावकडे आमच्या गावात मी सहावीला असताना ते नुकतेच नोकरीला लागले होते आणि माझे वर्गशिक्षक होते. त्यांच्याबद्दल मी आईशीही कधी बोललेलो नाही. तुला फक्त एवढंच सांगतो, तू त्यांना तोंडघशी पाडायचं म्हणतेस आणि मी इथे ऑफिसात बसून हात चोळतोय.

मदत करणार. कशी ते तू सांग.

तुझा
राधाकृष्ण


ढगेवस्ती
९ ऑक्टोबर २०२३

राधादादा,

तू हो म्हणालास, बरं वाटलं. आता घाई आहे.

रेश्मा शाळेत येते, पण बोलत नाही. वाचायला उभी केली तर पुस्तकाकडे बघत राहते. परवा मी नवीन धड्यातला एक शब्द विचारला. आधी ही पोरगी हात वर करून अर्धी उभी राहायची. आता शेजारणीनं कोपराने ढोसलं तरी खाली मान. मधल्या सुट्टीत मी जवळ घेतलं तर म्हणाली, “मला न्हाई कळत बाई. कागदावर लिवलंय ना.”

आणि ते तिच्या घरापर्यंत गेलं. आमच्या वस्तीची निम्मी घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, हे तुला सांगायला नको. मागची दोन वर्षं मी रेश्माला इथे ठेवून घेतली. आई-बाप तोडीवर आणि ही आजीजवळ, रतनबाईजवळ. शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवायची. किती मिनतवाऱ्या केल्या होत्या मी तिच्या आईच्या! काल बनुबाईकडे पुन्हा गेले. ती वळईवर कडबा रचत होती. खाली न उतरताच बोलली, “बाई, तुमच्याच सायबांनी सांगितलं न्हवं, हिला डोकं न्हाई म्हून? मंग कशापायी ठिवू? माझी बारकी तरी संभाळंल तिकडं. चार वाढ्याच्या पेंढ्या बांदंल.”

मी म्हणाले, साहेब चुकले. तर म्हणते, “सायब चुकत आसत्यात व्हय? आन् चुकले आसतील तर तेंच्या तोंडून वदवा. तुमी एकट्या म्हनून काय उपेग?”

म्हणून आता माझा राग नुसता राग राहिलेला नाही. दिवाळीनंतर ट्रॅक्टर येतील, त्याआधी सहादेव सरांची फजिती तिला दिसली पाहिजे. साहेब चुकतात, साहेबाचं हसं होतं, हे तिच्या डोळ्यांना दिसलं तर ती मान वर करेल आणि बनुबाईही ऐकेल. दसऱ्यानंतर, सत्तावीसला, परिषद पुन्हा आमच्याकडे ठेवून घेतलीय. गटशिक्षणाधिकारी येणार आहेत. ‘संदर्भातून शब्दार्थ’ या विषयावर प्रात्यक्षिक मी घेईन म्हणून नाव दिलं. सहादेव सर खूश झाले. म्हणाले, “वा, सुधारणा आहे.” दात खाल्ले मी.

मला एक कागद तयार करून पाठव. शिक्षकांसाठी. आणि असा कर की सहादेव सर त्यातून सुटता कामा नयेत.

सविता


पुणे
१६ ऑक्टोबर २०२३

चि. सविता,

कागद सोबत आहे. उतारा एकच, एक पुरे. चार दिवस त्यावर बसलो, एवढ्या आवडीनं मी पगाराचं कामही केलं नाही.

‘सकाळी उठल्या उठल्या आबा झांबुडाजवळ गेले. झाकण काढून आत डोकावले. तळ दिसत नव्हता, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. झाकण लावून ते कामाला निघून गेले.’

झांबूड म्हणजे काय? मेख अशी आहे की दोन उत्तरं सारखीच बसतात. पाण्याचा रांजण, किंवा धान्याची कणगी. ते रांजण म्हणाले की तू कणगी म्हणायचं. कणगी म्हणाले की रांजण. उत्तरपत्रिका तुझ्या हातात आहे, त्यांच्या नाही. जो यादी हातात धरतो तोच बरोबर असतो.

पहिला नंबर त्यांचाच लाव. उभं करूनच विचार. विचार करायला वेळ दे, म्हणजे चुकल्यावर सबब उरणार नाही. कारण विचार आणि ते कारण मोठ्यानं परत म्हण, त्यांच्याच आवाजात. मग एक थांबा घे आणि तोच शेरा वाच, शब्दाला शब्द. लोक हसायला लागले की मध्ये बोलू नकोस. हसणं पूर्ण होऊ दे.

तू विचारलं नाहीस, तरी आता सांगतो. सहावीत, जुलैच्या पावसात, मी खोळ पांघरून शाळेत गेलो. छत्री कुठली आपल्याकडे? सहादेव गुरुजींनी नाक धरलं. म्हणाले, वर्गात म्हशीचा वास येतोय. मला खोळ काढू दिली नाही. ती तशीच पांघरून कोपऱ्यात उभं केलं, सकाळपासून घंटा होईपर्यंत. दर तासाला नवे शिक्षक यायचे, बघायचे, हसायचे. पाणी माझ्या पायापाशी साचलं होतं आणि पोरं म्हणत होती की मी मुतलो. एकतीस वर्षं झाली. अजून ओल्या गोणपाटाचा वास आला की मी रस्ता बदलतो.

म्हणून सविता, तुझ्या हिशेबात थोडं माझंही धर. दया दाखवू नकोस.

राधाकृष्ण


ढगेवस्ती
२९ ऑक्टोबर २०२३

राधादादा,

झालं. तू सांगितलंस तसंच, रेसभर इकडेतिकडे नाही.

गटशिक्षणाधिकारी पुढच्या खुर्चीत, मागे सगळे गुरुजी-बाई. मी फळ्यावर उतारा लिहिला आणि म्हणाले, सुरुवात आपल्या केंद्रप्रमुखांपासून करू या. सर हसत हसत उठले. चष्मा लावला, दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा ओठ हलवत वाचलं. मी वेळ दिला. मग म्हणाले, “रांजण.” कशावरून? “आपल्या भागात माणूस उठला की आधी पाणी बघतो बाई. तळ दिसला नाही म्हणजे दिवस निघाला.”

मी यादी बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, चूक. कणगी.

ते म्हणाले, “पण रांजणही बसतो की.” मी त्यांचं कारण त्यांच्या घोगऱ्या आवाजात परत म्हणून दाखवलं. मागच्या बाकावरून एक हसला. मग मी तो शेरा वाचला, ‘उत्तर निरर्थक. संदर्भाचे आकलन शून्य.’ सगळ्यांना सप्टेंबरातली परिषद आठवली आणि खोली फुटली, दादा. ज्यांच्या रजा त्यांनी अडवल्या, ज्यांना भर मीटिंगमध्ये झापलं, ती सगळी माणसं पोट धरून हसत होती. गटशिक्षणाधिकारीसुद्धा रुमालाआड हसले. सहादेव सर उभेच. उत्तर लिहायला दिलेला खडू हातात होता तो टेबलावर ठेवायला गेले तर खाली पडला. कान लालभडक. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. करावे तसे भरावे, हे वाक्य मी पोरांना कितीदा लिहायला दिलंय, त्याची चव परवा कळली.

रेश्माला मी खिडकीशी बसवलं होतं. तिनं सगळं पाहिलं. बनुबाईही दारापर्यंत आली होती.

तुझंही फिटलं असं समज.

सविता


पुणे
४ नोव्हेंबर २०२३

चि. सविता,

पत्र खिशात घेऊन फिरतोय. खडू पडला ते वाक्य पाठ झालं आहे. एकतीस वर्षांनी मला झोप लागली, आणि ती तुझ्यामुळे.

आता मात्र हे प्रकरण इथेच मिटव. जिंकल्यावर माणसानं मैदानातून निघावं. त्या जुन्या कागदाची चौकशी वगैरे कुणी काढली तर तू लक्ष घालू नकोस. रेश्मा आता राहीलच. दिवाळीला आईनं तुला बोलावलं आहे.

तुझा
राधाकृष्ण


ढगेवस्ती
२० नोव्हेंबर २०२३

राधाकृष्ण,

दादा लिहिलं नाही, ते मुद्दाम.

रेश्मा गेली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर आला आणि ती ट्रॉलीत चढून बसली, आपणहून. बनुबाईनं ओढली नाही. नेवाशाच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला त्यांचा तळ पडलाय.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. परिषद संपल्यावर मी रेश्माकडे गेले आणि म्हणाले, बघितलंस ना, साहेब पण चुकतात! ती म्हणाली, “बाई, सरांचं उत्तर बरूबर हुतं. आमी बी उठल्यावर आदी रांजनच बगतो.” मी म्हणाले, ते असू दे, पण तुला हसले होते ना ते? तर म्हणाली, “मंग तुमी बी तसंच केलं व्हय?” मला वाटलं होतं, चार दिवसांत विसरेल. ती विसरली नाही. ट्रॉलीत बसल्यावर मी हात धरला तेव्हा म्हणाली, “शाळंत बरूबर सांगितलं तरी चूकच म्हनत्यात. त्यापरीस तिकडं बरं. मोळी बांदली तर बांदलीच आसती.” माझ्या सुडापायी मी माझी पोरगी घालवली. हे मी माझ्या हातानं लिहिते आहे, म्हणजे नंतर ते माझ्या तोंडावर फेकायची संधी तुला नको.

आता तुझं.

काल रविवारी दुपारी सहादेव सर मोटारसायकलवर घरी आले. मला वाटलं, बदलीची धमकी द्यायला. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. पिशवीतून रेश्माचा मूळ कागद काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, “बाई, मी वाचला, हसलो, नक्कल केली. ते माझं पाप आहे आणि तुम्ही ते फेडून घेतलंत. पण शेरा माझा नाही. कागद पुण्याहून तपासून, शिक्का मारून आले होते. तुम्हाला वाटतं तसं केंद्रावर काही तपासलेलं नाही.”

मी कागद उचलला. लाल शाईतलं ते अक्षर मी ओळखणार नाही? तुझी पत्रं कपाटातून काढून शेजारी ठेवली. ‘शून्य’ आणि ‘आशीर्वाद’ यांतला श अगदी एका हातचा. खाली तुझी बारीक सहीसुद्धा आहे.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या अशा. तू मला लिहिलंस की ज्याला चवीनं वाचता आलं त्याचाच शेरा असणार. तू मला उतारा दिलास, कधी थांबायचं आणि कधी हसू द्यायचं ते शिकवलंस. मी तुझी कोयती होते, राधाकृष्ण. तू तिकडे हात न भरवता तुझं जुनं पीक कापून घेतलंस, आणि स्वतःचा शेरा त्या माणसाच्या गळ्यात बांधलास.

आणखी एक ऐक. मी सरांना तुझं नाव सांगितलं. गाव सांगितलं, साल सांगितलं, खोळ सांगितली. ते बराच वेळ आठवत बसले. मग म्हणाले, “त्या काळात मी बऱ्याच पोरांना कोपऱ्यात उभं केलं बाई. हा कोणता ते नाही सांगता येत.” तू एकतीस वर्षं ज्याला उराशी धरून बसलास, त्याला तुझा चेहरासुद्धा आठवत नाही.

आता माझी अट. येत्या रविवारपर्यंत तू तळावर जायचं. रेश्मासमोर, तिच्या आईसमोर उभं राहून सांगायचं की शेरा तुझा होता आणि तो चुकीचा होता. नाही गेलास तर तुझी तिन्ही पत्रं आणि हा लाल कागद एका पाकिटात घालून तुझ्या संचालकांना पाठवीन. पाकिटावर पत्ता लिहून तयार आहे. मी पोकळ धमकी देत नाही, हे तुला आता माहीत झालंय.

सविता


नेवासा
२६ नोव्हेंबर २०२३

सविता,

हे पत्र स्टँडवरच्या हॉटेलात बसून लिहितोय. पुण्याला गेल्यावर मी ते गुळगुळीत करीन, अशी मला भीती वाटते.

आज दुपारी तळावर गेलो. कालव्याच्या भराव्याखाली तीसेक कोप्या आहेत, सगळ्या उसाच्या पाचटानं शाकारलेल्या. रेश्माचं कुटुंब फडातच होतं. बाप मोळ्या वाहत होता. बनुबाईनं कोयता खाली ठेवला नाही. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाली, “बोला, पर लवकर. गाडी भरायचीय.” रेश्मा बांधावर बसून उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधत होती. बारकी तिच्या पाठीशी झोपली होती.

मी खाली बसलो. बसून बोलायचं, हे मी आरतीसारख्या मुलींना प्रशिक्षणात शिकवतो. म्हणालो, रेश्मा, त्या कागदावर लाल शाईनं मी लिहिलं होतं. ते चुकीचं होतं. तुझं उत्तर बरोबर होतं.

ती म्हणाली, “मला म्हाईत हाय.”

तिनं पेंढीला गाठ मारली आणि मग विचारलं, “तुमाला कवा कळलं?”

सविता, तिथे मी खोटं बोलू शकलो असतो. तुझं पत्र आल्यावर कळलं असं म्हणता आलं असतं. पुढे पुस्तिका होती, फेरतपासणी होती, चारशे कागद दोन दिवसांत उरकायचे होते, यादीबाहेरची उत्तरं वाढली तर अहवाल लांबतो असं वरून सांगितलं होतं. सगळं तोंडात तयार होतं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि त्यातली एकही सबब मी तिच्यापुढे ठेवली नाही.

खरं काय ते तुलाही सांगतो. आरतीच्या अक्षरात ‘पोत्याची खोळ’ वाचलं तेव्हा पुढचं कारण वाचायची मला गरजच नव्हती. माझ्या नाकात वास आला. मी पुण्यात आहे, माझ्या शेजारी शहरातली माणसं बसून कागद तपासतायत, आणि माझ्या टेबलावर ती खोळ येऊन पडली. कुणी बघायच्या आत मला ती तिथून घालवायची होती. म्हणून लिहिलं. सहादेव गुरुजींनी निदान समोर उभं राहून हसण्याचं धाडस केलं होतं. मी दोन वाक्यं लिहून कागद उलटा ठेवला.

मी रेश्माला म्हणालो, “लिहितानाच कळलं होतं.”

ती रागावली नाही, रडली नाही. आईला हाक मारून म्हणाली, “आये, ह्यान्ला जाऊ दी आता.” मग दुसरी पेंढी ओढून घेतली. मी तिला शाळेत परत चल म्हणायला आलो होतो. ते म्हणण्याचा अधिकार माझ्याकडे उरला नव्हता, म्हणून म्हटलं नाही. बनुबाई बांधापर्यंत आली. तिला मी तेच सगळं पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, “आता पट्टा पडंपत्तुर काय व्हत न्हाई. फुडं पोरीच्या मनावर.”

तुझं पाकीट तू पाठव. मी अडवणार नाही, आणि तू पाठवलं नाहीस तरी उद्या मी स्वतः संचालकांना हेच लिहिणार आहे. नोकरी जाईल की नाही माहीत नाही. तुला माझ्यावर आणखी सूड घ्यायचा असेल तर खुशाल घे, पण फार काही हाती लागणार नाही. माझ्यात होतं नव्हतं ते त्या पोरीनं दोन वाक्यांत काढून घेतलं.

रेश्मा आलेली नाही. पट्टा पडायला, म्हणजे तोडीचा हंगाम संपायला, अजून चार महिने आहेत.

राधाकृष्ण